घरामागचा स्विमिंग पूल बुजवायचा आहे: अर्धा फोडावा की पूर्ण काढावा?

सदाफुली | ३ मार्च

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये आमचं साठच्या दशकातलं एकमजली घर आहे. मागच्या अंगणाचा निम्म्याहून जास्त भाग पूलने व्यापलाय. मुली लहान होत्या तेव्हा उन्हाळाभर पाण्यातून बाहेर यायचं नाव घेत नसत. आता दोघी शिकायला बाहेर आहेत आणि पूलमध्ये महिनोन् महिने कोणी उतरत नाही. पंपाची वीज, क्लोरीन, ॲसिड, पूलवाल्याचे महिन्याचे पैसे हे सगळं चालूच आहे.

पण खरी काळजी पैशांची नाही. यंदा सासू-सासरे कायमचे आमच्याकडे राहायला येत आहेत. सासऱ्यांना काचबिंदू आहे, बाजूचं दिसत नाही. नणंदेचा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि शनिवार-रविवार आमच्याकडेच असतो. जाळी आहे, दाराला अलार्म आहे, तरी माझा जीव टांगणीला असतो. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण बुडणं हे आहे, असं सीडीसी ही इथली सरकारी आरोग्य संस्था सांगते. हे वाचल्यापासून मला त्या पाण्याकडे बघवत नाही. त्यामुळे पूल घालवायचा हे नक्की.

पूलची माहिती: गनाइटचा, म्हणजे सळयांच्या जाळीवर फवारलेल्या काँक्रीटचा. १६ फूट बाय ३२ फूट, उथळ बाजू साडेतीन फूट, खोल बाजू आठ फूट. गळत नाही. बाजूच्या फाटकाची रुंदी जेमतेम पाच फूट.

तीन जणांनी येऊन बघितलं. पहिला म्हणाला, वरची कड फोडून आत ढकलू आणि माती भरू, १४ हजार डॉलर. दुसरा म्हणाला, सगळं काँक्रीट उपटून नेऊ, २७ हजार. तिसरा म्हणाला, परमिट-बिरमिट काही लागत नाही, ८ हजार रोख द्या, आठवड्यात हिरवळ लावून देतो.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा. शिवाय सासूबाईंचं म्हणणं आहे की पाण्याची जागा बुजवू नये. त्यांना काय सांगू, तेही सुचवा.

गोदाकाठ | ३ मार्च

सदाफुली, तिसऱ्याला उद्याच नाही म्हणून कळवा. कारण सांगते.

आम्ही सनीव्हेलला घर घेतलं तेव्हा मागे छान सपाट लॉन होतं. पहिल्या हिवाळ्यात पाऊस सुरू झाला आणि लॉनच्या मधोमध राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा एक पट्टा ओला राहायला लागला. बाकीचं अंगण दोन दिवसांत सुकायचं, हा पट्टा आठवडाभर चिखल. त्यावरून चाललं की पायाखाली हलल्यासारखं वाटायचं. आम्हाला वाटलं पाइप फुटलाय. प्लंबरने खणायला घेतलं, दीड फुटावर ठण्ण आवाज आला. खाली निळ्या फरशीची कड होती! आख्खा पूल खाली तसाच होता. तळाला एकही भोक नाही, वरून नुसती माती लोटलेली. तुटके स्प्रिंकलर, झाडांचे बुंधे, डेकच्या फळ्या, सगळं त्यातच पुरलेलं.

शहराच्या कार्यालयात चौकशी केली तर पूल बांधल्याचं परमिट होतं, काढल्याचं नव्हतं. आधीच्या मालकाने कागदपत्रांत कुठेही उल्लेख केलेला नव्हता. वकिलाचा खर्च आणि मनस्ताप बघता आम्ही भांडत बसलो नाही. पण ते सगळं पुन्हा उकरून काढायला नव्याने पूल काढण्यापेक्षा जास्त पैसे गेले, कारण मातीत मिसळलेला कचरा वेगळा करून टाकावा लागतो आणि तसली मिश्र माती डंपवाले सहज घेत नाहीत.

परमिट घ्या. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा.

मातीपरीक्षक | ४ मार्च

गोदाकाठ यांनी लिहिलंय तसली प्रकरणं आमच्याकडे नेहमी येतात. मी जिओटेक, म्हणजे जमीन आणि माती तपासणारा इंजिनिअर आहे, सॅक्रामेंटोच्या बाजूला काम करतो. जरा लांबलचक लिहितो, कारण या कामात जे चुकतं ते जमिनीखाली जातं आणि दोन-तीन पावसाळ्यांनी वर येतं.

सदाफुलीताई, कोणाचं कोटेशन घ्यायचं हे नंतर. आधी घरात बसून एवढंच ठरवा की त्या जागेवर पुढे काय येणार. हिरवळ, भाजीचे वाफे, मुलांचा झोपाळा एवढंच असेल तर अर्धं फोडून बुजवणं चालतं. पण पुढेमागे तिथे खोली वाढवायची, एडीयू म्हणजे स्वतंत्र छोटं घर बांधायचं असं मनात जरा जरी असेल, तर पूर्ण काढा आणि माती इंजिनिअरच्या देखरेखीखाली भरा. पोटात जुनं काँक्रीट आणि साधा भराव असलेल्या जागेवर नेहमीचा पाया टाकायला कुठलंही शहर सहजासहजी परवानगी देत नाही. मग पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे खांब घ्या नाहीतर सगळं पुन्हा उकरा, एवढेच मार्ग उरतात.

अर्ध्या पद्धतीत नीट काम कसं होतं ते सांगतो. पाणी काढलं की तळाला ब्रेकरने मोठी भोकं पाडतात, खोल टोकाला नक्कीच. मग भिंतींची वरची कड फोडतात. किती, ते शहरावर आहे, साधारण दीड ते तीन फूट. सळया कापतात, तुकडे तळाशी पसरतात. इथे शहराचा निरीक्षक येऊन भोकं बघतो. तो बघून गेल्याशिवाय माती टाकायची नाही. त्यानंतर तुकड्यांवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, ते पाणी जाऊ देतं पण माती अडवतं. हे कापड वगळून पैसे वाचवायचा मोह कंत्राटदाराला होतो. पण ते नसेल तर वरची बारीक माती पावसागणिक काँक्रीटच्या तुकड्यांमधल्या पोकळ्यांत उतरत राहते आणि वर खळगा पडतो.

भोकं नसतील तर काय होतं ते गोदाकाठ यांनी दाखवलंच आहे. काँक्रीटच्या त्या हौदात पावसाचं पाणी साचतं, त्याला जायला वाट नसते.

आता माती. तुमच्या पूलची सरासरी खोली साडेपाच फूट धरली तर घनफळ २,८०० घनफुटांच्या आसपास, म्हणजे १०४ क्यूबिक यार्ड. ट्रकमधून सैल आलेली माती दाबल्यावर बसते, त्यामुळे पाव हिस्सा जास्त मागवावी लागते. दहा यार्डांच्या ट्रकने मोजा, डझनभर फेऱ्या सहज होतात. पूर्ण काढायचा तर अजून चाळीस ते पन्नास टन काँक्रीट बाहेर न्यायचं. २७ हजार ऐकून दचकायला होतं, पण त्यातला बराचसा पैसा ट्रक आणि डंपच्या फीमध्ये जातो.

ही माती एकदम ओतून वरून रोलर फिरवणं म्हणजे फसवणूक. आठ इंचांचा थर, त्यात योग्य ओल, मग दाबणं, मग पुढचा थर. माती फार कोरडी असली तर दबत नाही, फार ओली असली तर रबरासारखी हलते. प्रयोगशाळेत त्या मातीची जास्तीत जास्त घनता आधी काढलेली असते. जागेवर तिच्या किमान ९० टक्के मिळाली पाहिजे, असं बहुतेक रिपोर्टांत लिहिलेलं असतं. ही चाचणी कोण करणार आणि रिपोर्टवर सही कोणाची, हे करारात लिहून घ्या. कंत्राटदाराचा मुकादम 'कॉम्पॅक्शन झालं' म्हणाला, याला काही किंमत नाही.

रानवारा | ४ मार्च

न्यू जर्सीतून लिहितोय. आमचा पूल विनाइल लायनरचा, म्हणजे आतून प्लास्टिकचं अस्तर लावलेला होता, त्याचं गणित निराळं. लायनर कापून गुंडाळून काढला, बाजूचे पत्र्याचे पॅनल सुटे करून भंगारात दिले, भोवतीची काँक्रीटची पट्टी फोडून नेली. खाली वाळूचा थर होता, तो राहू दिला. तळ काँक्रीटचा नसल्याने पाणी मुरायचा प्रश्नच नव्हता. आमच्या टाउनशिपने उघडा खड्डा बघूनच भरायची परवानगी दिली. गनाइटपेक्षा हे काम बरंच स्वस्तात होतं, तेव्हा कोणाचे आकडे वाचताना पूल कसला होता ते आधी विचारा.

तरंग | ५ मार्च

मी जरा वेगळं मत मांडतो. चांगला, न गळणारा पूल मोडायचा कशाला? विकताना गिऱ्हाईक मिळेल. कॅलिफोर्नियात २०१८ पासून नवीन पूल बांधताना किंवा जुना दुरुस्त करताना सात सुरक्षा उपायांपैकी किमान दोन करावेच लागतात. कुंपण आणि कुलूप लावता येणारं सेफ्टी कव्हर दोन्ही करा, वरून माणूस चालला तरी आत जात नाही. वीस हजार वाचतील.

सदाफुली | ५ मार्च

तरंग, कव्हरचा विचार केला होता. पण ते उघडं राहणार नाही याची रोजची जबाबदारी कोणावर? आम्ही दोघंही कामावर. सत्तरीतल्या माणसांवर ती टाकायची नाही. विकायचा तर विचारच नाही, हे घर आता राहण्यासाठीच आहे.

मातीपरीक्षक, खूप आभार. तुमच्या पहिल्याच प्रश्नाने आम्हाला जागं केलं. काल रात्री बराच वेळ बोललो. आज ना उद्या सासू-सासऱ्यांना जिने-पायऱ्या नसलेलं, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं घर मागे बांधून द्यायचं मनात आहेच.

मातीपरीक्षक | ५ मार्च

मग उत्तर मिळालं. पूर्ण काढा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ८०० चौरस फुटांपर्यंतच्या एडीयूला शहर सहसा अडवू शकत नाही आणि मागची-बाजूची हद्द चार फूट सोडली की पुरते. म्हणजे कागदावर तुम्हाला जागा आहे. ती जमिनीतही असली पाहिजे. आत्ताच सॉइल इंजिनिअर नेमा, म्हणजे भरावाचा रिपोर्ट पुढे एडीयूच्या फाइलमध्ये तसाच जोडता येईल.

अलिबागकर | ६ मार्च

एक सावधगिरी इकडून. किहीम, नागाव, आवास पट्ट्यात हल्ली बंगला तिथे पूल अशी स्थिती आहे. पावसाळ्यात आमच्याकडे जमिनीतलं पाणी अगदी वर येतं, विहिरी काठोकाठ भरतात. ओळखीच्या एका वाडीत ऐन जुलैत सफाईसाठी फायबरचा पूल रिकामा केला. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी पूल एका बाजूने जमिनीच्या वर उचललेला! भोवतीच्या फरशा उलथल्या, पाइप तुटले. आतलं पाणी हाच त्याचा भार होता, तो काढून घेतल्यावर खालच्या पाण्याने त्याला ढकललं. तुमच्याकडे काँक्रीट आहे, जड आहे, तरी पाऊसकाळात रिकामा करू नका.

आणि आमच्याकडे बुजवायचा म्हटलं तर मुरूम टाकून, पाणी मारून, थराथराने धुम्मस करतात. जुन्या गवंड्यांना हे शिकवावं लागत नाही. घाई मालकाला असते.

मातीपरीक्षक | ६ मार्च

अलिबागकर, अगदी बरोबर. काँक्रीटचे पूलही उचलले गेल्याची उदाहरणं आहेत. बऱ्याच पूलना तळाच्या जाळीत एक झडप असते, खालचा दाब वाढला की पाणी आत घेते, पण जुन्या पूलमध्ये ती चालू असेलच असं नाही. तुमच्या भागात, म्हणजे बे एरियात, मे ते सप्टेंबर कोरडा काळ असतो, तेव्हाच काम काढा. रिकामा झाला की त्याच दिवशी तळाला भोकं पाडून घ्या, म्हणजे दाबाचा विषय संपला.

पाणी कुठे सोडायचं तेही आधी विचारून ठेवा. २१ हजार गॅलन, म्हणजे जवळपास ८० हजार लिटर पाणी आहे. रस्त्याकडेच्या गटारात सोडू नका. ते पाणी कुठलीही प्रक्रिया न होता ओढ्यात आणि तिथून थेट खाडीत जातं, क्लोरीनने मासे मरतात. क्लोरीन आधी उतरू द्यायचं आणि शहर सांगेल त्या गतीने घराच्या सांडपाण्याच्या क्लीनआउटमध्ये, म्हणजे त्या पाइपच्या झाकण असलेल्या तोंडात सोडायचं.

मेघना_सिडनी | ७ मार्च

इथे उत्तर सिडनीत कु-रिंग-गाय काउन्सिलने लोकांना पूलचं तळं करायला मदत केली. क्लोरीन बंद करायचं, पंप बंद, पाणवनस्पती लावायच्या, डासांच्या अळ्या खाणारे स्थानिक मासे सोडायचे. काही महिन्यांत बेडूक येतात. माझ्या मैत्रिणीच्या घरी आहे, संध्याकाळी गप्पा मारायला फार छान वाटतं. पण लहान मुलं किंवा कमी दिसणारं माणूस घरात असेल तर हा उपाय नाही. तळ्यातही बुडायला होतंच. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साठू शकणारी पोहण्याची जागा म्हणजे पूल, त्याला कुंपण हवंच. ज्यांच्या घरी फक्त मोठी माणसं आहेत आणि मोडतोडीचा खर्च नको आहे, त्यांनी मात्र जरूर विचार करावा.

गोदाकाठ | ७ मार्च

आणि कोणी 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून पंप बंद करून नुसता सोडून देऊ नका. २००७ मध्ये कर्जं थकून घरं रिकामी पडली तेव्हा बेकर्सफील्डमध्ये मागच्या अंगणातले पूल हिरवे झाले, त्यांत डास वाढले आणि त्या उन्हाळ्यात तिथे वेस्ट नाइल तापाचे रुग्ण झपाट्याने वाढले. काम सुरू व्हायला वेळ असेल तर सांता क्लारा काउंटीचा व्हेक्टर कंट्रोल विभाग डासांच्या अळ्या खाणारे गॅम्बुसिया मासे फुकट देतो. आपल्याकडे महापालिका हौदात गप्पी सोडते, तेच काम.

आजोळ | ८ मार्च

सासूबाईंविषयी लिहितो. मी वयाने त्यांच्याच पिढीतला असेन.

विहीर बुजवू नये हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. विहिरीला झरे असतात, तिच्यावर गावाची तहान असते. सातारा भागात आमच्या आजोळी एक पडकी विहीर गुरं पडतात म्हणून बुजवावी लागली, तेव्हा आधी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मगच पहिली पाटी टाकली. तुमच्या पूलला झरा नाही. ते नळाचं पाणी आहे, औषध घातलेलं, कोणाच्या तोंडी न लागणारं. ते काढून टाकण्यात कुठल्या जिवंत पाण्याचा अपमान होत नाही. पण त्यांना हे पटवत बसण्यापेक्षा काम सुरू व्हायच्या दिवशी त्यांच्याच हातून पूजा करवून घ्या. घरात येताच एका मोठ्या कामाची सुरुवात त्यांच्या हातून झाली, हे त्यांनाही आवडेल. आणि नातवाचा जीव सुरक्षित राहावा म्हणून हे चाललंय, हे त्यांना स्पष्ट सांगा. कुठल्याही आजीला यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

सदाफुली | ८ मार्च

काका, वाचून डोळे भरून आले. नक्की असंच करू.

चिंतामणी_ऑस्टिन | १० मार्च

टेक्ससवाल्यांसाठी: आमच्याकडची चिकण माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या जातीची, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांचे पायेसुद्धा हलतात. अशा मातीने पूल भरला तर तो भाग दर ऋतूत वर-खाली होतो. आमच्या इंजिनिअरने खणलेली माती परत वापरू दिली नाही, न फुगणारी माती बाहेरून आणायला लावली. बे एरियातही बऱ्याच ठिकाणी अशी माती आहे असं ऐकलंय, विचारून घ्या.

मातीपरीक्षक | १० मार्च

आहे. म्हणूनच फुकटची माती कोणी देऊ केली तर ती कुठून आली, तिची चाचणी झालीय का, हे आधी विचारायचं. कुठेतरी तळघर खणलं की कंत्राटदार माती टाकायला जागा शोधतच असतो.

सदाफुली | २ ऑगस्ट

मंडळी, काम झालं! जे काही केलं ते लिहिते, पुढच्यांना उपयोग होईल.

तिघांतल्या दुसऱ्या, म्हणजे २७ हजार सांगणाऱ्या कंत्राटदाराला काम दिलं. आधी कॅलिफोर्नियाच्या कंत्राटदार परवाना मंडळाच्या साइटवर त्याचा नंबर टाकून परवाना, बाँड आणि कामगारांचा विमा बघितला. त्याने निम्मे पैसे आगाऊ मागितले. इथल्या कायद्याने घराच्या कामासाठी आगाऊ रक्कम करारातल्या रकमेच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. हे दाखवल्यावर तो लगेच कबूल झाला. उरलेले पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचा हप्ता रिपोर्ट हातात आल्यावर.

खणण्याआधी जमिनीखालच्या लाइन दाखवून घ्यायला ८११ ला फोन केला. तो फुकट असतो. माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून गेली, गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा. पण लक्षात ठेवा, ती मंडळी फक्त मीटरपर्यंतच्या कंपनीच्या लाइन दाखवतात. आमच्या मीटरपासून पूलच्या हीटरकडे गेलेली गॅसची नळी त्यांच्या खुणांत नव्हतीच. प्लंबरने ती वेगळी शोधून मीटरजवळच बंद केली. इलेक्ट्रिशियनने पंपाची आणि पाण्यातल्या दिव्याची वायर पॅनलपासून काढली. पूलमध्ये आपोआप पाणी भरणारी एक बारीक नळी होती, तीही तोडून टोपी लावली.

फाटक पाच फुटांचं, त्यामुळे शेजारच्या आजींच्या बाजूचं कुंपण त्यांच्या लेखी परवानगीने उतरवलं आणि काम झाल्यावर नवीन घातलं. त्याचा खर्च कोटेशनमध्ये नव्हता. ड्राइव्हवेवर जाड प्लायवुड अंथरूनही एका कोपऱ्याला तडा गेलाच. तो त्याने दुरुस्त करून दिला, कारण करारात होतं.

सासूबाईंनी पूजा केली. उथळ बाजूच्या पहिल्या पायरीवर नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि ब्रेकरवाल्या माणसाच्या हातावरही खोबऱ्याचा तुकडा ठेवला. त्याने हेल्मेट काढून तो खाल्ला आणि मग मशीन सुरू केलं.

फोडाफोडी दणक्यात झाली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आवाज आणि धूळ. काँक्रीट क्रशिंग यार्डात गेलं, तिथे सळया वेगळ्या काढून त्याची खडी करतात.

मला सांगायचंय ते माती भरण्याबद्दल. सॉइल इंजिनिअरने पाठवलेला मुलगा पिवळी पेटी घेऊन यायचा. दाबलेल्या थरावर जागा सपाट करायची, लोखंडी पहार ठोकून एक बारीक भोक पाडायचं, त्यावर पेटी ठेवायची, तिचा दांडा भोकात खाली सरकवायचा आणि मिनिटभर थांबायचं. पेटीवर घनता आणि ओल दोन्ही येतात. मधल्या एका थराला खोल बाजूच्या कोपऱ्यात ८६ टक्के आले. मला वाटलं सोडून देतील, चारच टक्क्यांचा तर प्रश्न. त्याने मान हलवली. मुकादम कुरकुरला, ट्रक रस्त्यावर उभा होता. तरी तेवढा भाग उकरून, पाणी मारून, कालवून पुन्हा दाबायला लावला. दुसऱ्या वेळी ९२. बुटाची टाच मी स्वतः दाबून बघितली, खूणसुद्धा उमटली नाही. तो मुलगा तिथे नसता तर तो कोपरा तसाच झाकला गेला असता आणि मला कधीही कळलं नसतं.

सगळं मिळून, म्हणजे परमिट, इंजिनिअर, प्लंबर, कुंपण धरून ३३ हजारांच्या आसपास गेले. २७ वर थांबेल असं कोणीही धरून चालू नये.

नवखी_सांता_क्लारा | ४ ऑगस्ट

अभिनंदन! एक प्रश्न. पूलच्या जागी कमी पाण्याची बाग केली तर पाणी खात्याकडून पैसे परत मिळतात म्हणे?

गोदाकाठ | ४ ऑगस्ट

हो. व्हॅली वॉटर म्हणजे आपल्या काउंटीचं पाणी खातं, त्यांच्या लॅंडस्केप रिबेटमध्ये हिरवळीबरोबर वापरात असलेला पूलही धरतात. पण अर्ज काम सुरू व्हायच्या आधी करावा लागतो, ते बघून जातात, मंजुरी येते, मग तोडायचं. आधी रिकामा केला की हक्क गेला. रक्कम आणि अटी बदलत असतात, त्यांच्या साइटवर ताज्या बघा.

सदाफुली | १८ डिसेंबर

पाऊस बऱ्यापैकी झालाय म्हणून मुद्दाम कळवते. जमीन बसलेली नाही, पाणी कुठे साचत नाही. घरापासून कुंपणाकडे हलका उतार दिला होता, तो कामी आला.

शहराचं परमिट फायनल झालंय. सॉइल रिपोर्ट, परमिटची सही, प्रत्येक टप्प्याचे फोटो, फोडलेलं काँक्रीट यार्डात दिल्याच्या पावत्या हे सगळं एका फाइलमध्ये आहे आणि त्याची एक प्रत मुलींकडे. कॅलिफोर्नियात घर विकताना जे विवरणपत्र भरावं लागतं त्यात जागेवर भराव आहे का, हा प्रश्न असतोच. पूल पूर्ण काढला तरी त्याचं उत्तर 'हो' असंच द्यायचं आणि ही फाइल सोबत जोडायची. गोदाकाठ, तुमच्यावर जे आलं ते आमच्या घरी पुढे येणाऱ्यांवर येऊ नये, एवढी काळजी घेतलीय.

नवखी_सांता_क्लारा | १९ डिसेंबर

झाडं काय लावलीत? आमच्याकडे अर्धं फोडून बुजवायचं ठरतंय. आंबा-लिंबू लावलं तर चालेल का?

मातीपरीक्षक | १९ डिसेंबर

अर्ध्या पद्धतीत खोल मुळांचं झाड नेमकं मध्यभागी लावू नका. तीन फुटांखाली कापड आणि काँक्रीटचे तुकडे आहेत, मुळं तिथे अडतात, आडवी पसरतात आणि मोठ्या वाऱ्यात झाड कलंडतं. पूलच्या जुन्या हद्दीच्या बाहेर लावा. हद्द कुठे होती ते भरायच्या आधी घराच्या भिंतीपासून फीत धरून मोजून ठेवा, नंतर कोणालाच आठवत नाही.

सदाफुली | १९ डिसेंबर

आम्ही एडीयूसाठी मधली जागा मोकळी ठेवलीय, तिथे सध्या फक्त मेथी, कोथिंबीर आणि लाल माठ. कडेला पारिजातक लावलाय. सासूबाईंना कढीपत्ता हवा होता. त्याची रोपं मात्र मैत्रिणीकडून गाडीत घालून आणू नका. लिंबाच्या जातीच्या झाडांना मारणाऱ्या रोगाचा किडा कढीपत्त्यावरही राहतो, म्हणून ही रोपं इकडून तिकडे न्यायला कॅलिफोर्नियात निर्बंध आहेत. परवानाधारक नर्सरीतून घ्या, पावती ठेवा. आमचं रोप कुंडीत आहे आणि थंडीत खिडकीजवळ आत घेतो. कंत्राटदाराचं नाव बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलंय, आज रात्री सगळ्यांना कळवते.